डावा दरवाजा

खळदकर मिस्त्री सिनेमा बघतात
तो नायकाच्या खांद्यावरून पलीकडे.
नायिका रडत असते, व्हायोलिनं भरून आलेली असतात,
आणि मिस्त्री म्हणतात, थांबव.
मी थांबवतो.
नायिकेचा अश्रू गालावर मध्येच अडकतो.
"तिच्या मागं बघ. डुक्कर फियाट.
दिवा मात्र लँडमास्टरचा बसवलाय कुणी गाढवानं."
मग म्हणतात, चालव,
आणि अश्रू खाली येतो.

नाना पेठेत चाळीस वर्षं
त्यांनी गाड्यांना रंग दिला.
पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची,
ओला पॉलिशपेपर घासता घासता
बोटांच्या रेषा गेल्या (आधार कार्डाच्या वेळी तीन हेलपाटे),
आणि शेवटचा हात मारायच्या आधी
शेजारच्या भुसारवाल्याला ओरडून सांगायचं,
शेठ, तासभर मिरची हलवू नका.

आता रविवारी दुपारी ते बसने धायरीला येतात.
मी चहा करतो, जुनं काहीतरी लावतो.
मला पडद्यावर नुसतं करडं दिसतं.
ते बोट ठेवत जातात,
हा मरून. हा आयव्हरी, कमरेखाली कॉफी.
ही घाटात धापा टाकतेय ती हिलमन, बाटलीहिरवी.
कशावरून?
"काळा उन्हात चमकतो. हिरवा ऊन गिळतो."
पुण्यात कुणाशीही वाद घालता येतो,
पण त्यासाठी थोडी माहिती आपल्याकडेही लागते.
मी बिस्किटं पुढे केली.

एकदा एकाच सिनेमात एकच स्टुडबेकर
आधी खलनायकाची, मग वधूपित्याची,
शेवटी पोलिसांची म्हणून आली.
"भाड्याची आहे," मिस्त्री म्हणाले,
"पण बघ, तिघांत तीच बरी काम करते."

मागच्या महिन्यात मी पानशेतच्या पुराची फीत लावली.
अकरा मिनिटांचा माहितीपट,
निवेदकाचा आवाज इस्त्री केलेला.
पूल. चिखल. चिखलातून वर आलेली
एक पितळी परात, ती धरून उभी बाई,
कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करणारी.
नारायण पेठेतला एक बोळ.
तिथे एक गाडी, नाक वर करून,
मागची चाकं गाळात,
बॉनेटवर कुणाचीतरी वाळत घातलेली सतरंजी.

मिस्त्री थांबव म्हणाले नाहीत.
मीच थांबवलं.
"कुठली?"

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"ऑस्टिन. डॉक्टर बिनीवाल्यांची.
आदल्या दिवशी संध्याकाळी नेली.
कासम उस्तादांनी बजावून सांगितलं होतं,
डॉक्टर, रंग कच्चा आहे,
दोन दिवस पाणी लागू देऊ नका."

हे सांगताना ते हसले.
मग ते हसणं त्यांना आवरेना,
डोळे पुसले, पुन्हा हसले,
आणि मी हातात रिमोट धरून
चिखलातल्या गाडीकडे बघत राहिलो.
डॉक्टर वाचले, म्हणाले. माडीवर होते.
गाडीचं मग कुणी काही विचारलं नाही.
बिलातले चाळीस रुपये उस्तादांनी
वहीत तसेच ठेवले, खोडले नाहीत, मागितलेही नाहीत.

"रंग कुठला होता?"
मला वाटलं, लगेच सांगतील.
"तेव्हा मी एकोणीसचा. नुसते डबे ढवळायचो.
त्या दिवशी उस्तादांनी पहिल्यांदा
स्प्रेगन माझ्या हातात दिली. म्हणाले,
डावा दरवाजा तुझा."

पडद्यावर गाडीची उजवी बाजू.
कॅमेरेवाला, कोण होता तो,
गुडघाभर गाळात उभा राहून
त्याला जमलं तिथून त्याने घेतलं.

मिस्त्री उठले, गुडघ्यावर हात टेकून.
टीव्हीच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले,
भिंत आणि पडदा यांच्यामधल्या फटीत
मान तिरकी करून बघू लागले.
चहा निवला.
साडेसहाची बस गेली असणार.
मी चालव म्हणायची वाट बघत होतो.